शिफारशीची अडत

पुस्तकाची शिफारस करणे हा मराठीच्या अध्यापकाच्या नोकरीचा लेखी भाग नाही. तरीही तास संपल्यावर दाराशी घुटमळणारा एखादा विद्यार्थी "सर, आता काय वाचू?" असे विचारतो, तेव्हा आपण जे नाव घेतो ते कधीकधी वर्षभराच्या व्याख्यानांपेक्षा अधिक काळ त्याच्यापाशी राहते. आम्ही हे काम कित्येक वर्षे फुकट करीत आलो, आणि ते फुकट आहे हे आमच्या कधी ध्यानातही आले नव्हते. ते ध्यानात आणून दिले आमच्या भाच्याने. हडपसरच्या एका कचेरीत तो आंतरजालावरील जाहिरातींचे काम करतो. दोन वर्षांपूर्वी पालखीच्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला आला होता.

तुकोबांची पालखी पुण्यातून निघाली की सोलापूर रस्त्याने येऊन लोणी काळभोरला मुक्काम करते. त्या आठवड्यात रस्त्याच्या दुतर्फा स्वागताचे इतके फलक लागतात की एरवी डोळ्यांत भरणारे तेलाचे टँकरही त्यांच्याआड जातात. फलकांवर विठोबा लहान आणि स्वागतोत्सुक मोठे, हे प्रमाण आता कोणाला खटकत नाही. भाचा ते सगळे पाहत आला होता. म्हणाला, "मामा, या एवढ्या फलकांचा कुणाला किती उपयोग झाला, हे लावणारासुद्धा सांगू शकणार नाही. आमच्याकडे एकेका टिचकीचा हिशेब असतो." आणि मग, आमटीची वाटी खाली ठेवत, "तुम्ही आयुष्यभर लोकांना पुस्तकं सांगता. त्यातलं तुम्हाला काय मिळतं?"

काही नाही, असे आम्ही सांगितले. त्यात थोडा अभिमान होता, तो त्याच्या लक्षात आला नाही. त्याने आम्हांला 'अफिलिएट मार्केटिंग' समजावून सांगितले. आम्ही त्याला लगेच 'संलग्न विपणन' असा प्रतिशब्द काढून दिला, तो ऐकून तो हसला. प्रकार असा : एखाद्या मोठ्या विक्रेत्याकडे नाव नोंदवायचे. तो आपल्याला आपली खूण असलेले दुवे देतो. आपण आपल्या पानावर वस्तूविषयी लिहायचे आणि तेथे तो दुवा ठेवायचा. वाचकाने त्यावर टिचकी मारून ठरावीक मुदतीत, कोठे ती चोवीस तासांची असते तर कोठे महिन्याची, खरेदी केली, की किमतीचा काही टक्के भाग आपल्या खात्यावर जमा होतो. माल आपला नाही, गोदाम आपले नाही, बांधाबांध आपली नाही. आपले फक्त शब्द.

शेवटच्या वाक्याने आम्ही अडकलो, हे कबूल केले पाहिजे. शब्दांचे पैसे मिळतात हे ऐकून कोणता मराठीचा माणूस सरळ राहील? शिवाय या रीतीचा पुस्तकांशी जुना संबंध आहे. ॲमेझॉनने आपली ही योजना १९९६ साली सुरू केली, तेव्हा ते दुकान पुस्तकांखेरीज काही विकत नव्हते. कमिशनचे दुवे त्याआधीही होते, परंतु त्यांचा जगभर प्रसार या पुस्तकाच्या दुकानाने केला. म्हणजे आम्ही करणार होतो ते या धंद्याचे मूळ काम होते. आमच्या गावाला त्याची गरजही होती. राजबागेच्या आवारात विद्यापीठ आल्यापासून लोणीत मुलामुलींची वर्दळ वाढली आहे, खोल्या भाड्याने जाऊ लागल्या आहेत, पण चांगली कादंबरी हातात घेऊन, चाळून विकत घ्यायची तर हडपसरची कोंडी ओलांडून अप्पा बळवंत चौकच गाठावा लागतो. घरपोच येणारे पुस्तक ही सोयच होती. स्वतःची समजूत घालण्यात आम्ही कसूर केली नाही.

भाच्याने एक साधे संकेतस्थळ उभे करून दिले. आम्ही वीस पुस्तकांची यादी केली आणि प्रत्येकाविषयी दीड-दोनशे शब्द लिहिले. जाहिरातीसाठी तीन हजार रुपये ठरवले : दिवसाला शंभर, महिनाभर. घरात या रकमेचा उल्लेख 'दिवाळी अंकांचे पैसे' असा झाला, कारण ते तेच होते.

जाहिरातीच्या या व्यवहाराविषयी थोडे सांगावे लागेल, कारण साहित्याच्या माणसाला तो विलक्षण वाटेल असा आहे. येथे शब्दांचा लिलाव होतो, आणि तो शब्दशः होतो. गूगलने २००० सालच्या ऑक्टोबरात जाहिरातींची ही सोय साडेतीनशे जाहिरातदारांसह खुली केली. दोनेक वर्षांत टिचकीमागे पैसे आणि त्या पैशांसाठी बोली, अशी तिची घडी बसली. कोणी शोधयंत्रात काही टंकले, की त्या शब्दांवर बोली लावणाऱ्यांमध्ये क्षणार्धात लिलाव होतो. केवळ मोठी बोली जिंकते असे नाही, जाहिरात शोधाशी किती जुळते तेही पाहिले जाते. 'कर्ज', 'विमा' हे शब्द महाग, कारण त्यांच्यामागे सावकार उभे असतात. 'कविता' हा शब्द आम्हांला फार स्वस्तात मिळाला. बहुधा त्या लिलावात आमच्याशिवाय कोणीच हात वर केला नव्हता.

आठवड्याने भाच्याने एक तक्ता उघडून दाखवला. आमची जाहिरात पाहून आलेल्या माणसांनी मुळात काय शोधले होते, ते त्यात ओळीने दिलेले असते. इतका प्रामाणिक वाचकांचा पत्रव्यवहार आम्ही कधी वाचला नव्हता. आम्ही बोली लावली होती 'मराठी कादंबरी' या शब्दांवर. लोकांनी टंकले होते : मराठी कादंबरी पीडीएफ. मराठी कादंबरी मोफत. कादंबरीचा सारांश. कादंबरी म्हणजे काय पाच गुणांसाठी. मी पाहिलेला पाऊस निबंध. या प्रत्येकाच्या टिचकीचे अडीच रुपये आमच्या दिवाळी अंकांतून गेले होते. पाऊस आमच्या यादीत कोठून आला, हे अजूनही कळलेले नाही.

यावर उपाय असतो. नको असलेले शब्द आधीच सांगून ठेवायचे, म्हणजे ते ज्या शोधात असतील तेथे जाहिरात दिसत नाही. थोड्या पैशांत काम करणाऱ्याने हीच यादी प्रथम करावी, असे भाचा म्हणाला. त्याच्या धंद्यात तिला नकारात्मक शब्द म्हणतात. आम्ही लिहिले : मोफत, पीडीएफ, सारांश, निबंध, प्रश्नोत्तरे. लिहून झाल्यावर पाहिले, तर परीक्षेच्या अंगाने मराठी साहित्याकडे येणारा सारा समाज आम्ही दाराबाहेर ठेवला होता, आणि तोच समाज सकाळी दहा वाजता आमच्या वर्गात समोर बसलेला असतो. टिचक्या एकदम कमी झाल्या. शंभर रुपये दिवसाकाठी संपेनात. भाच्याने काही शब्द परत आत घेतले.

आकड्यांत फार रमण्यासारखे काही नाही. महिन्याच्या शेवटी तीन हजारांच्या बाराशे टिचक्या झाल्या होत्या. त्यांतले एकशे चाळीस जण पुढे दुकानापर्यंत गेले आणि नऊ जणांनी काही घेतले. आठांनी पुस्तके घेतली, चोवीसशे रुपयांची. आमच्या करारात पुस्तकांना पाच टक्के होते, म्हणजे एकशेवीस रुपये. नवव्या गृहस्थाने, की गृहिणीने, एका कवितासंग्रहाच्या दुव्यावरून आत जाऊन बत्तीसशेचा मिक्सर घेतला. कमिशन दुव्यावरून झालेल्या कोणत्याही खरेदीवर मिळते, मिक्सरला चार टक्के होते, त्यामुळे त्या एका मिक्सरने आम्हांला एकशे अठ्ठावीस रुपये दिले. आठ पुस्तकांपेक्षा आठ रुपये अधिक. कवितेने काही साधत नाही म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

हा हिशेब आम्ही आरंभीच उलट्या बाजूने करायला हवा होता. पुस्तकामागे सरासरी पंधरा रुपये मिळणार आणि टिचकीला अडीच रुपये पडणार, तर येणाऱ्या दर सहांपैकी एकाने पुस्तक घेतले तरच तोंडमिळवणी. आमच्याकडे दीडशे जणांत एक. कमी किमतीच्या, कमी टक्क्यांच्या वस्तूंना विकतची जाहिरात पेलवत नाही. म्हणून या धंद्यातले जाणते लोक एक तर जाहिरातीला पैसे न देता नुसत्या लेखनाने वाचक जमवतात, नाहीतर अभ्यासक्रम, विमा असल्या भरघोस कमिशनच्या वस्तू निवडतात. भाच्यानेही ते सुचवले होते. आम्ही अभ्यासक्रम घेतले नाहीत, परंतु मधल्या मार्गाने नेट-सेटची दोन मार्गदर्शके यादीत घातली. वर्गात आम्ही त्यांना कुबड्या म्हणतो. त्या आठ पुस्तकांपैकी पाच या कुबड्याच होत्या.

पैसे गेले, त्याचे दुःख नव्हते. दिवाळी अंक ग्रंथालयात वाचले असते. पुढचे पैसे घालावेत की नाही याच विचारात असताना एका सकाळी कालव्याच्या कडेला शेजारचे अण्णा भेटले. त्यांची भाजी आहे, मेथी, कोथिंबीर, हंगामात शेवंती. काय चाललंय, म्हणाले. आम्ही सांगू लागलो आणि त्यांना एवढे थोडक्यात कळले की समजावून सांगण्याची आमची तयारी वाया गेली.

"म्हंजी तुमी अडत्या झालात की, सर."

आम्ही म्हटले, तसेच काहीसे.

"मंग अडत कोन देतं? गिऱ्हाईक का मालवाला?"

"मालवाला."

"अन् गिऱ्हाईकाला ठावं असतं का, हा मालवाल्याचा मानूस हाय म्हून?"

आम्ही उत्तर देण्याऐवजी शेवंतीची चौकशी केली. अण्णा चांगले आहेत, त्यांनी शेवंतीविषयी सांगितले. जाताना मात्र म्हणाले, "मार्केट यार्डातल्याचं बरं. त्याचा गाळा दिसतो, वर नाव असतं."

अडत कोणी द्यायची, हा प्रश्न आमच्या भागात पुस्तकी नाही. पिढ्यान्‌पिढ्या ती शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली गेली. हमाली, तोलाई, अडत अशा एकाखाली एक ओळी वजा होऊन शेवटी उरायचा तो आकडा घेऊन लोणीची माणसे गुलटेकडीहून परतायची. २०१६ सालच्या जुलैत राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. जवळच मांजरीच्या उपबाजारात शेतकरी आपला माल स्वतः विकतो, अण्णा बऱ्याचदा तेथेच जातात. मधल्या माणसाला ते वाईट म्हणत नाहीत. तो कोणाचा आहे हे उघड असावे, एवढेच त्यांचे म्हणणे.

घरी येऊन आम्ही शब्दकोशाकडे वळलो. अडचणीत सापडलेल्या अध्यापकाची ही जुनी खोड. 'दलाल' हा शब्द अरबीतून आला, त्याच्या धातूत वाट दाखवण्याचा अर्थ आहे. 'जाहिरात' ही 'जाहीर'पासून, म्हणजे जे दिसते, उघड असते ते. पालखीच्या रस्त्यावरचे फलक कितीही ओंगळ असोत, ते या अर्थाने जाहिरातीच आहेत : कोणी लावले ते खाली ठळक लिहिलेले असते. आमच्या पानावर मात्र वाट दाखवणारा होता आणि जाहीर काहीच नव्हते. तसे अगदीच नव्हते असे नाही. करारात अट होती म्हणून पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, 'सदर संकेतस्थळ संलग्न कार्यक्रमात सहभागी आहे'. मराठीच्या अध्यापकाने लिहिलेली, कोणालाही कळू नये अशी मराठी ओळ.

याविषयी नियमही आहेत. जाहिरातदारांच्या स्वनियमनासाठी १९८५ साली स्थापन झालेल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ साली प्रभावकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने २०२३ च्या जानेवारीत त्याच अर्थाची पुस्तिका प्रसिद्ध केली. आर्थिक संबंध असेल तर तो सोप्या भाषेत, सहज दिसेल असा सांगावा, असे त्यांत आहे. हे सारे लाखो अनुयायी असलेल्या नटनट्यांसाठी असावे असे आम्ही धरून चाललो होतो. कौन्सिलची व्याख्या वाचली, तर प्रभावक तो, जो आपल्या अधिकारामुळे, ज्ञानामुळे, स्थानामुळे किंवा श्रोत्यांशी असलेल्या नात्यामुळे त्यांच्या खरेदीवर वा मतांवर परिणाम करू शकतो. नटनट्या बाजूला ठेवा, हे तर शिक्षकाचे वर्णन झाले.

ती तळाची ओळ आम्ही वर आणली आणि साध्या भाषेत लिहिली : 'या दुव्यावरून पुस्तक घेतल्यास त्यातले पैसे आम्हांस मिळतात.' मग त्या ओळीखाली आमचेच लेखन वाचायला बसलो.

यादीत वीस पुस्तके होती, परंतु मुळात वहीत काढलेल्या यादीशी ती जुळत नव्हती. वहीतली चार पुस्तके गळाली होती. ती लहान प्रकाशकांची, आणि त्या दुकानात मिळत नव्हती, म्हणून दुवा देता आला नव्हता, म्हणून लिहिले नव्हते. गाळायची असे ठरवल्याचे आम्हांला आठवतही नाही. त्यांतल्या दोहोंच्या जागी कुबड्या होत्या. दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी. एक गाजलेली कादंबरी आहे, नाव येथे देत नाही. ती वर्गात शिकवताना आम्ही दरवर्षी सांगतो की पूर्वार्ध असामान्य आहे आणि उत्तरार्धात लेखकाचा हात सुटला आहे. पानावरच्या दोनशे शब्दांत पूर्वार्ध होता. उत्तरार्धाविषयी अवाक्षर नव्हते. खोटे एकही वाक्य आम्ही लिहिले नव्हते. 'विलक्षण', 'अपरिहार्य', 'संग्रही असावे असे' ही विशेषणे मात्र जागोजागी पडली होती. हस्तलिखिते तपासताना हीच विशेषणे आम्ही लाल शाईने खोडत आलो आहोत. आणि हे सारे पुस्तकामागे पंधरा रुपयांसाठी. रक्कम मोठी असती तर निदान मोह तरी म्हणता आला असता.

आमच्या बाजूने एक दाखला आम्ही मनाशी घोळवत होतो, तो किर्लोस्करांचा. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' काढली ती कारखान्याचे गृहपत्र म्हणून. नांगर आणि चरक विकणाऱ्या कारखान्याची खबर ती. त्यातून 'किर्लोस्कर' मासिक उभे राहिले, १९३० साली 'स्त्री' आले, १९३४ साली 'मनोहर', आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांचे वाचन त्यांनी घडवले. साहित्य आणि विक्री एकाच छपराखाली राहू शकतात याचा याहून मोठा पुरावा मराठीत नाही, असे आम्ही भाच्यालाही ऐकवले होते. अण्णांच्या प्रश्नानंतर तो दाखला पुन्हा तपासला. कारखान्याचे नाव तेथे मुखपृष्ठावर होते. अंक हातात घेणाऱ्याला नांगर कोणाचा आणि मासिक कोणाचे हे आत डोकावण्याआधी ठाऊक असे. लोखंडी फाळाने जमीन नासते असे मानणाऱ्या शेतकऱ्याला पटवायचे होते, ते त्यांनी आपल्या नावानिशी पटवले. मराठी मासिकांचा इतिहास शिकवताना आम्ही हा तपशील प्रत्येक वर्षी सांगतो, त्याचा आमच्या पानाशी काही संबंध असेल असे मात्र वाटले नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग सुरू झाले तेव्हा दुसऱ्या वर्षाची एक मुलगी भेटायला आली. दौंडकडच्या गाडीने येऊन लोणी स्टेशनावर उतरणारी, वहीची दोन्ही बाजूंची पाने वापरणारी. तिच्या हातात समीक्षेचा एक जाडजूड ग्रंथ होता. "सर, तुमच्या यादीतलं घेतलं. साडेसहाशेला पडलं, पण तुम्ही संग्रही असावं असं लिहिलंय म्हणून घेतलं."

साडेसहाशेचे पाच टक्के साडेबत्तीस. तो आकडा आम्ही तक्त्यात पाहिला होता, त्याला चेहरा नव्हता. आमच्या ग्रंथालयात त्या ग्रंथाच्या दोन प्रती आहेत. त्यांतली एक आमच्याच शिफारशीने घेतलेली, बहुतेक वर्षभर कपाटातच असते. वर्गात तिने विचारले असते तर आम्ही तिला थेट तेथे पाठवले असते. यादीत ग्रंथालयाला दुवा नव्हता.

आम्ही तिला सगळे सांगितले. कमिशन, साडेबत्तीस रुपये, कपाटातल्या प्रती. ती आमच्याइतकी हादरली नाही. म्हणाली, "मग काय झालं, सर? तुम्हाला नाही तर दुकानदाराला राहिलेच असते ना ते." थोडे थांबून तिने विचारले, "पण पुस्तक चांगलं आहे ना?" आहे, असे आम्ही म्हणालो, आणि ते खरे होते. आमच्या तोंडून ते तिला खरे वाटते आहे की नाही, हे तिच्याकडे पाहून ठरवता येईना. साडेबत्तीस रुपये तिला द्यावेत असे क्षणभर वाटले. खिशात पन्नासची नोट होती. त्यातून काहीतरी नाटकी झाले असते, म्हणून दिले नाहीत.

आमचे दोनशे अठ्ठेचाळीस रुपये त्या दुकानाच्या खात्यावर पडून राहिले, कारण हजाराच्या खाली ते पाठवत नसत. दुवे आम्ही काढून टाकले. भाचा म्हणाला, "मामा, कमिशनची ओळ वर ठेवून चालू ठेवता आलं असतं, कितीतरी लोक प्रामाणिकपणे करतात." ते बरोबर आहे. त्याचे स्वतःचे घर त्याच कामावर चालते आणि तो आमच्यापेक्षा सरळ माणूस आहे. आम्हांला जमले नाही एवढेच. वर ती ओळ आणि खाली उत्तरार्ध गाळलेली कादंबरी, हे एका पानावर ठेवायचे तर कादंबरीवरचे लेखन नव्याने करावे लागले असते, आणि ते केल्यावर कोणी ती विकत घेतली नसती.

वहीतली यादी विभागाच्या फळ्यावर लावली आहे. गळालेली चार पुस्तके तिच्यात परत आली आहेत, त्यांतल्या दोहोंच्या प्रती अप्पा बळवंत चौकातही मिळेनात, म्हणून आमच्या प्रती फिरत आहेत, एक अजून परत आलेली नाही. ती मुलगी जानेवारीत पुन्हा दाराशी आली. ग्रंथ निम्मा झाला होता, काही कादंबऱ्या सांगा म्हणाली. आम्ही ती गाजलेली कादंबरी सांगितली, कोणत्या कपाटात आहे ते सांगितले, आणि दोनशे पानांनंतर कंटाळा येईल हेही सांगितले.